धरणात राहिलो तो उन्हाळा

मृग कोरडा गेला, असं माय फोनवर म्हणाली. पुढच्या फोनला आर्द्राही गेली म्हणाली. आता ती पावसाचं बोलतच नाही, जनावरांचं बोलते. कडबा सरत आलाय, म्हैस खालमानेनं उभी राहते, पाटोद्याकडची माणसं जनावरं घेऊन खाली निघालीत म्हणं. मी भोपाळच्या मोठ्या तलावाच्या पायऱ्यांवर बसून ऐकत असतो. समोर माझ्याकडं शिकणारी मुलंमुली लांब, अरुंद बोटी खांद्यावर घेऊन पाण्यात उतरत असतात. पाणी पार त्या टोकापर्यंत पसरलेलं असतं. वाऱ्यानं त्याच्यावर काटा येतो आणि जातो.

"तिकडं हाय का पाणी?" माय विचारते.

"आहे," मी म्हणतो. किती आहे ते सांगत नाही. सांगायला संकोच वाटतो.

पाऊस असा लांबला की मला तो एक उन्हाळा आठवतो. माझं वय तेव्हा तिशीला टेकलेलं, उजवा खांदा दुखावलेला, आणि सगळ्या महाराष्ट्राला माझ्याबद्दल एक गोष्ट कळून काही महिने झालेले. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं, नाना, माय आणि मी, धरणात राहायला गेलो होतो. काठावर नव्हे, धरणाच्या आत. पाणीच नव्हतं.

आमचं गाव तेलगावच्या अंगाला, माजलगावच्या धरणाच्या फुगवट्याला लागून. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा लोक वर माळावर येऊन राहिले. काळी रानं बुडाली, मुरमाड उरली. मग लोकांनी म्हशी घेतल्या आणि दुधाची सहकारी संस्था काढली. नाना, माझे वडील, पहिल्यापासून तिचे चेअरमन. त्यांना भाषण येत नव्हतं, पण ते कोणाच्या दुधाला उगाच पातळ म्हणत नाहीत एवढी त्यांची ख्याती होती, आणि तेवढ्यावर ते दरवेळी निवडून येत. अडचण एकच होती. दूध घ्यायला येणारी गाडी पाण्याच्या पलीकडं, डांबरी रस्त्यावर थांबायची. जमिनीवरून वळसा फार लांबचा. म्हणून संस्थेनं लाकडाची एक होडी केली, आणि सकाळी शाळेच्या आधी कॅन पलीकडं पोचवायचं काम माझ्याकडं आलं. थंडीत पाण्यावर धुकं असायचं. पलीकडचा काठ दिसायचा नाही, फक्त गाडीवाल्याच्या रेडिओचा आवाज यायचा. त्या आवाजाच्या रोखानं मी वल्हवत जायचो. एकट्यानं पाण्यावर असणं मला तेव्हापासून माहीत आहे. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

शाळेच्या सरांनी एकदा मला वल्हवताना बघितलं आणि कुठल्याशा निवड चाचणीला नेलं. तिथून भोपाळ. तिथं पहिल्यांदा कयाक पाहिली. कमरेएवढी रुंद, सुरीसारखी निमुळती. तोंड पुढं करून बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीकडं-उजवीकडं मारायचं. पहिल्या दिवशी मी बसलो आणि उलटलो. बसलो आणि उलटलो. सगळी पोरं हसली. धरणाकाठचा आहे म्हणून सांगितलं होतं ना मी. पण महिन्याभरात ती बोट अंगाला लागली, आणि पुढची कितीतरी वर्षं माझं आयुष्य पहाटेचा सराव, हॉस्टेलचं जेवण, तळहाताचे घट्टे आणि स्पर्धा एवढंच होतं. राष्ट्रीय पदकं आली. खेळाडू म्हणून नोकरी लागली. गावच्या फाट्यावर माझा फोटो असलेलं फ्लेक्स लागलं, 'गावचा अभिमान' असं लिहिलेलं. त्यात माझ्या हातातलं वल्हं बघून कोणीतरी नानांना विचारलं होतं, तुमचा इलास तिकडं बी होडीच चालवतो व्हय?

त्या वर्षांपैकी बरीच वर्षं मी दोघांच्या बोटीत काढली. तिला आम्ही डबल म्हणतो. डबलमध्ये एकामागं एक बसतात. पुढचा लय धरतो, मागचा ती उचलतो. मागच्याला समोरचं पाणी धड दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. मी मागं बसायचो. पुढं बिजू. तो केरळचा, अलेप्पीकडचा. त्याच्या घराच्या पायरीला कालव्याचं पाणी लागायचं. तुमच्याकडं पाणी ट्रकमधून येतं हे खरं का, असं तो त्याच्या मोडक्या हिंदीत मला पुन्हा पुन्हा विचारायचा, आणि हो म्हटलं की गंमत केल्यासारखा हसायचा. त्याच्या मानेवर, केस संपतात तिथं, एक तीळ होता. मी त्या तिळाकडं बघत जिंकलो आणि त्याच्याकडंच बघत हरलो.

आमचं काय होतं ते आम्ही कधी बोलून ठरवलं नाही. हॉस्टेलच्या खोलीत दोन खाटा होत्या. एका पावसाळ्यात भिंत गळायला लागली म्हणून त्या आम्ही जवळ ओढल्या. गळती थांबल्यावरही त्या तशाच राहिल्या. मग काही वर्षांनी त्याच्या घरच्यांनी मुलगी बघितली. त्यानं हे सांगितलं तेव्हा आम्ही बोट धुत होतो. "मला नाही म्हणता येणार नाही," तो म्हणाला, आणि धुतलेल्या बोटीवर पुन्हा पाणी ओतत राहिला. लग्न झालं, तो घराजवळ बदली करून गेला. मी सिंगलमध्ये बसायला लागलो.

पुढं कोर्टाचा निकाल आला. आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारं कलम गेलं. त्या दिवशी मी रोजच्यासारखाच सरावाला गेलो. फक्त तलावाच्या मध्यावर जाऊन वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि बराच वेळ नुसता बसलो. त्या हिवाळ्यात मला सिंगलमध्ये रौप्यपदक मिळालं. मराठी वर्तमानपत्राची एक तरुण बातमीदार आली होती. तिनं सरावाचं, आहाराचं, दुष्काळी भागाचं विचारलं आणि शेवटी सहज म्हणाली, "मग लग्न कधी?"

मी म्हणालो, "मला मुलगे आवडतात."

तिचं पेन थांबलं. "हे छापू का?"

"छापा," मी म्हणालो. त्यात धाडस होतं असं लोक नंतर म्हणाले. मला ते तसं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं दुसरं काहीतरी सांगत राहायचा कंटाळा आला होता, एवढंच.

छापून आल्यावर कोणी अंगावर धावून आलं नाही. माझ्या खोलीतला सोबती दुसऱ्या खोलीत गेला, जाताना सामान जास्त झालंय म्हणाला. डबलला जोडीदार मिळेना. बिजूनं फोन घेणं बंद केलं. माझ्या पुढं इतकी वर्षं कोण बसत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याची भीती मला समजली. मायनं मात्र फोन केला. "पेपरात काय आलंय म्हणं तुझं?"

"आलंय ते खरं आहे, माय."

ती म्हशीला रेडकू झाल्याचं सांगायला लागली.

नाना फोनवर आलेच नाहीत. तसे ते आधीही फारसे येत नसत.

उन्हाळा लागता लागता माझा खांदा गेला. डॉक्टरांनी दोन-तीन महिने वल्हं धरायचं नाही म्हणून सांगितलं. बोटीत न बसणाऱ्या खेळाडूला हॉस्टेलमध्ये काही काम नसतं. त्याच सुमारास मायचा पुन्हा फोन आला. धरण आटलं होतं. गावात टँकर येत होता. संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती, आणि नाना आपल्या म्हशी आणि बैलजोडी घेऊन तिथंच मुक्कामाला होते. "एकलेच हायत," माय म्हणाली. "येतोस का?"

तेलगावला उतरलो तेव्हा दुपार होती. ऊस नव्हता म्हणून कारखाना लवकर बंद पडला होता, आणि नेहमी रस्त्यावर सांडलेलं असायचं ते पाचटही कुठं दिसत नव्हता. गावच्या फाट्यावर माझं फ्लेक्स नव्हतं. ते मला छावणीत सापडलं. कोणीतरी ते काढून नानांच्या शेडवर सावलीला टाकलं होतं, छापील बाजू आत करून. खाटेवर पाठ टेकली की वर माझंच नाव दिसायचं आणि त्याच्या खाली माझं हसरं तोंड.

नाना म्हशीला वैरण टाकत होते. मी पाया पडलो. "खांद्याला काय झालं?" त्यांनी विचारलं. सांगितलं. "मग जड उचलू नको," ते म्हणाले. एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही जनावरांबद्दल सोडून काही बोललो नाही. डाव्या हातानं मी पेंड कालवायचो, शेण ओढायचो, म्हशींना हौदावर न्यायचो. माय घरून भाकरी घेऊन यायची आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसून दोघांशी वेगवेगळं बोलायची.

छावणीत सगळं गाव होतं. ज्यांच्या मांडीवर मी वाढलो ती माणसं होती, माझ्याबरोबर शाळेत असलेले होते. कोणी वाईट बोललं नाही. खाटेवर चारजण गप्पा मारत असले आणि मी जाऊन बसलो की एकाला वैरणीची आठवण यायची, दुसऱ्याला फोन यायचा. सगळ्यात जास्त लागलं ते हौदावरचं. संध्याकाळी गडी माणसं तिथं उघड्यानं आंघोळ करायची. मी म्हशी घेऊन पोचलो की घाईघाईनं टॉवेल गुंडाळले जायचे. माझ्या वर्गातल्या एकानं तर ओल्या अंगावरच सदरा चढवला. मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी म्हशीच्या पाठीवर पाणी मारत राहिलो. म्हशीनं डोळे मिटून घेतले.

एका दुपारी बापूराव नानांकडं आले. बापूराव संस्थेचे संचालक, छावणीचा कारभार त्यांच्याकडं होता. माणूस गोड बोलणारा. मी शेडच्या मागं उसाचं वाढं तोडत होतो आणि हे त्यांना माहीत होतं.

"नाना, तुमच्याबद्दल कोण काय बोलणार," ते म्हणाले. "पर लोकं मला इचारतात. हितं तरणी पोरं झोपतात. इलासला घरी ठेवा."

"घरी पाणी न्हाई, बापूराव."

"मग भोपाळला धाडा. तिकडं चालत आसंल त्ये."

मला वाटलं, आता नाना मला हाक मारतील आणि जा म्हणतील. मी मनात पिशवी भरायलाही लागलो होतो.

"ही जनावरं कोणाची हायत?" नाना म्हणाले.

"तुमची."

"त्यांचं शेण कोण काढतं? ह्योच ना? मग ह्यो जाणार आसंल तर जनावरं बी जातील." त्यांनी वाकून म्हशीचं दावं सोडलं. मग बैलांचं. "तुमी आसं कावून करता, बसा तर," असं बापूराव म्हणत राहिले. तोवर आसपासचे लोक उभे राहिले होते. त्यांत शिवअप्पा होते, संस्थेचे सेक्रेटरी. लिंगायत घरातले, गावात त्यांचं किराण्याचं दुकान, कपाळावर कायम भस्माचे पट्टे. नानांनी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. संस्थेच्या ऑफिसची.

"अप्पा, नवा चेअरमन बघा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. एखाद्याला वस्तू परत द्यावी तसं ते बोलले.

माय वाटेतच भेटली, डोक्यावर भाकरीचं टोपलं. "एवढ्या उनात कुठं निघाला?"

"धरणात," नाना म्हणाले.

"मरायला?"

"ऱ्हायला."

पाणी हटलं की धरणाच्या ओल्या गाळात आमच्याकडं गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनीत वैरण पेरतात. नानांनी तिथं आधीच थोडं कडवळ पेरलेलं होतं. त्या हिरव्या पट्ट्याजवळ आम्ही बांबू रोवले, वर ताडपत्री टाकली. मागं वाळलेला, भेगाळलेला गाळ पार माळापर्यंत. पुढं उरलेलं पाणी, गढूळ, उथळ. त्यात बगळे उभे असायचे. हवेला शिंपल्यांचा आणि मेलेल्या माशांचा वास. मायनं आल्या आल्या इकडंतिकडं बघितलं, थोडी चालली आणि एका जागी पायानं माती उकरून म्हणाली, "हितं माझी चूल होती." जुनं गाव तिथंच होतं. लग्न होऊन ती त्या घरात आली आणि दोन वर्षांत ते घर सोडावं लागलं. तिनं तीन दगड शोधून आणले आणि तिथंच चूल मांडली. "धूर तरी कुणाच्या डोळ्यात जाणार न्हाई," म्हणाली.

असं शांत मी आधी काही ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. सकाळी गाळ तडकल्याचा बारीक आवाज यायचा. दुपारी काहीच नाही. वर माळावर छावणीचा लाउडस्पीकर कधी वाऱ्यावर ऐकू यायचा, मग तोही नाहीसा व्हायचा. मी त्या शांततेत बसून राहायचो आणि मला वाटायचं, मी या दोघांनाही माझ्या एकटेपणात ओढून आणलं. नाना रोज संध्याकाळी दूध घालायच्या वेळी उठायचे, धोतर झटकायचे आणि मग आठवून पुन्हा बसायचे. इतकी वर्षं त्या वेळेला चार माणसं त्यांच्याशी बोलायची.

एकदा कडवळ कापता कापता ते थांबले. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुला कोण होतं का तिकडं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"होता," मी म्हणालो. "माझ्या बोटीतला. बिजू."

"मग?"

"त्याचं लग्न झालं."

नानांनी विळा खाली ठेवला. "लगीन लागलं तवा तू कुठं होतास?"

"तिथंच. गेलतो मी."

"लग्नाला गेलतास?"

"बोलावलं होतं त्यानं. सगळ्या टीमला."

ते माझ्याकडं बघायला लागले. असं सरळ त्यांनी मला किती वर्षांनी बघितलं असेल. "आन् काय केलंस?"

"काय करणार? उभा राहिलो. फोटो काढले. केळीच्या पानावर वाढत होते, वाढणारी माणसं कमी पडली म्हणून मी सांबार वाढलं."

नाना हळूहळू खाली बसले, त्या ओल्या गाळातच. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्यानं तुला बोलवाय नको व्हतं."

पेपरात आलेलं खरं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही कधी नाही. माझ्या बाबतीत काय घडलं हे जगात एकाच माणसानं विचारलं, आणि ऐकून त्याला माझ्यासाठी वाईट वाटलं. मी विळा उचलला आणि कापायला लागलो. खांदा दुखत होता.

शिवअप्पा अधूनमधून लुनावर पेंडीचं पोतं बांधून यायचे. गाळात लुना रुतायची, मग ते ती ढकलत यायचे, भस्म घामानं ओघळलेलं. बापूराव चेअरमन झाल्याचं त्यांनीच सांगितलं. नाना बरं म्हणाले. एकदा नाना म्हशी पाण्यावर घेऊन गेले होते तेव्हा शिवअप्पांनी मला विचारलं, "कावून सांगितलंस बे पेपरात? गप ऱ्हायला आसतास तर कोणाला कळलं नसतं. नानांची खुर्ची बी ऱ्हायली आसती."

"अप्पा, गप होतो तेव्हाही एकटाच होतो," मी म्हणालो.

त्यांनी बशीतला चहा संपवला. पटलं की नाही ते मला समजलं नाही. पण ते येत राहिले, आणि गावातून दुसरं कोणी आलं नाही.

खांदा थोडा सैल झाल्यावर मी मासेमारांकडून थर्माकोलचा तराफा मागून घेतला आणि बांबूनं त्या उथळ पाण्यात वल्हवायला लागलो. नाना काठावर बसून बघायचे. त्यांनी माझी एकही शर्यत बघितली नव्हती.

"ह्यात जिकतं कोण?" त्यांनी विचारलं.

"जो आधी पोचेल तो."

"आन् पोचल्यावर?"

"परत यायचं. बोट ठेवायला."

"परतच यायचं तर," नाना म्हणाले आणि हसले. माय चुलीपाशी हसली. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं एकदम हसलो ते एवढंच मला आठवतं.

पाऊस आला तो फार उशिरा, आणि आमच्याकडं नाहीच. वर कुठंतरी पडला आणि पाणी गुपचूप खालून चढत आलं. एका सकाळी मायची चूल ओली झाली. दुसऱ्या दिवशी कडवळात पाणी शिरलं. आम्ही बांबू उपटले, ताडपत्री गुंडाळली आणि वर गावात घरी आलो. छावणी तोवर उठली होती. वाटेत जी माणसं भेटली त्यांनी नानांना रामराम घातला. मला कोणी घातला, कोणी नाही.

त्यानंतर मी दोन हंगाम खेळलो. एकदा कांस्यपदक मिळालं, एकदा काही नाही. मग शिकवायला लागलो. माझ्याबद्दल कळल्यावर काही आईबाप मुलांना घेऊन गेले, काहींनी ठेवली. भोपाळमध्येच एक भला माणूस काही वर्षं माझ्यासोबत राहिला. तो इंदूरला गेला आणि मग आम्ही सणासुदीला मेसेज करण्यापुरते उरलो. पहाटे मुलं यायच्या आधी मी एकटाच सिंगल काढून तलावात एक फेरी मारतो. दुसरं कोणी उठवणारं नसल्यामुळं उठायची सवय अंगात ठेवावी लागते. नाना आता नाहीत. बापूराव त्यांच्या मातीला आले होते, पुढं उभे होते. माय माळावर एकटी आहे. इकडं ये म्हटलं की तिला जनावरं आठवतात.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी मी परत निघालो तेव्हा नाना मला सोडायला तेलगावच्या स्टँडवर आले. बीडची गाडी लागली. मी पाया पडलो, आत चढलो, तर नानाही मागोमाग चढले आणि शेजारी बसले.

"बीडात काम हाय," ते म्हणाले.

त्यांच्याजवळ पिशवी नव्हती. अंगावरचं धोतर-सदरा, खांद्यावर पंचा, एवढंच. वडवणी गेली, बीड आलं. स्टँडवर आम्ही चहा घेतला. नेकनूरची गाडी लागली, माणसं पळाली, धूळ उठली आणि बसली. नाना जागचे हलले नाहीत.

"नाना, तुमचं काम?"

"झालं."

"कधी?"

"झालं म्हणलं ना."

औरंगाबादची गाडी आली तेव्हा ते माझ्या आधी चढले आणि खिडकीची जागा धरून मला हात केला. गेवराई मागं पडलं, गोदावरीच्या पुलाखाली नुसती वाळू दिसली. ती बघून त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. बाकी पूर्ण वाटभर आम्ही बोललो नाही. त्यांचा खांदा माझ्या दुखऱ्या खांद्याला लागत होता. गाडी आदळली की ते अंग चोरून घ्यायचे.

स्टेशनवरही ते आले. अमृतसरकडं जाणारी गाडी होती, नांदेडहून येणारी. गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणाऱ्या लोकांनी ती भरलेली असते. नाना माझ्यासोबत डब्यात चढले, जागा बघितली, पिशवी बाकाखाली सरकवली. मायनं दिलेलं भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"हितून फुडं न्हाई येता येत," ते म्हणाले. "म्हशीला दुसऱ्याचा हात चालत न्हाई."

"मला माहीत आहे, नाना. तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात? आता परत एकटे जाणार."

समोरच्या बाकावर एक म्हातारे सरदारजी बसले होते. पांढरी दाढी, हातात स्टीलचा ग्लास. नाना त्यांच्याकडं वळले. निजामाच्या मुलखातली ती आमची हिंदी, बाजारात जनावरं विकताना वापरायची, तीच त्यांनी काढली.

"ये मेरा लडका," ते म्हणाले. "भोपाल उतरेगा. अकेलाच है. जरा बात करते रहना इसके साथ."

सरदारजींनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, तिशीतल्या, रुंद खांद्यांच्या माणसाकडं. ग्लास खिडकीत ठेवला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बेफिकर रहो जी."

नाना उतरले. गाडी हलली तेव्हा ते फलाटावर उभे राहून बाहेर जायचा रस्ता कुठल्या बाजूला आहे ते शोधत होते.

"हां बेटा," सरदारजी पुढं सरकून म्हणाले, "कहाँ से आ रहे हो?"

मनमाड येईपर्यंत मला बोलता आलं नाही. ते तोवर वाट बघत थांबले.